बारा-चौदाच्या पोरांसाठी नवीन मराठी गोष्टी तुम्ही शोधता कुठे?

सायली_क

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी होती. मुलगी बारा वर्षांची, सातवीत. मुलगा तिसरीत. दोघंही सेमीला. पोरगी वाचते, म्हणजे जेवताना ताटाला पुस्तक टेकवून वाचते, पण सगळं इंग्लिश. मराठी म्हटलं की बालभारती, तेही परीक्षेपुरतं.

मागच्या रविवारी म्हटलं चला, दुकानातच नेऊ. गावातलं जुनं दुकान आहे, नाव नको. मुलांचं कुठंय विचारलं तर काउंटरवरच्या काकांनी मान न वळवता अगदी खालच्या कप्प्याकडे बोट केलं. तिथे बिरबल, तेनालीराम, इसापनीती, विक्रम वेताळ, थोर शास्त्रज्ञ, थोर क्रांतिकारक आणि संस्कारकथांचा एक गठ्ठा. कार्टी फरशीवर मांडी घालून बसली, एकेक काढून बघितलं आणि म्हणाली, आई, यात आत्ता जिवंत असलेलं कोणीच नाहीये का? काकांना विचारलं नवीन कादंबरी वगैरे काही आहे का मुलांसाठी, तर म्हणे मॅडम मुलं वाचत नाहीत म्हणून आम्ही ठेवत नाही. आता ठेवतच नाहीत तर वाचणार काय कपाळ, पण जाऊ दे. सुडोकू घेऊन घरी आलो.

मग मी कपाटातून माझा फास्टर फेणे काढला. आतल्या पानावर माझं नाव, इयत्ता सहावी, तुकडी ब, शेजारी शाईचा डाग, मलाच भरून आलं. तिने तीसेक पानं वाचली, नीट खूण घालून परत आणून दिला, म्हणाली छान आहे पण हे तुझं पुस्तक आहे.

तर प्रश्न असा की या वयासाठी मराठीत नवीन काय येतंय हे तुम्हाला कळतं कसं? नुसत्या याद्या नकोत, त्यात तीच पाच नावं फिरत असतात. शोधता कसं ते सांगा.

मिरजकर_बंड्या

फाफेला, म्हणजे फास्टर फेणेला, नावं ठेवलेली या घरात खपवून घेतली जात नाहीत, आधीच सांगतो.

पण तुझी पोरगी चूक नाही. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा एक हडकुळा पोरगा पुण्याच्या शाळेत आणून सोडला तेव्हा तो वाचणाऱ्या पोरांना शेजारच्या वाड्यातलाच वाटत असणार. आता त्या सायकलला, त्या पुण्याला टीपा द्याव्या लागतात. आपण पुस्तक देतो असं आपल्याला वाटतं, देतो मात्र आपलं बालपण, आणि वर बसून बघत राहतो आवडतंय का, आवडतंय का. माझा पुतण्या तर तोंडावर म्हणाला होता, काका तुम्ही माझ्याकडे बघत बसू नका, मला वाचता येत नाही.

नवीनच हवं असा हट्ट नसेल तर फेलूदा बघ. सत्यजित राय यांचा गुप्तहेर, मूळ बंगाली, मराठीत अशोक जैनांनी आणलाय, रोहन प्रकाशनाचा संच आहे. फेलूदा १९६५ मध्ये संदेश नावाच्या मुलांच्या मासिकात पहिल्यांदा आला, म्हणजे आपल्या फाफेसारखाच जुना, तरी आजच्या पोरांना तो जुना वाटत नाही, का ते विचारू नकोस. बहुतेक कोलकाता, जैसलमेर, गंगटोक हे सगळं त्यांना तसंही परकंच, म्हणून जुनं की नवं हा प्रश्नच येत नसावा. भाषांतरही वाचताना अडत नाही. फक्त फेलूदा चारमिनार सिगरेट ओढतो. घरी यावरून भाषण होणार असेल तर आधीच उरकून घे.

ग्रंथपाल_बाई

सायली, मी एका शाळेत बावीस वर्षं लायब्ररी सांभाळते, त्यामुळे थोडं लांबेल.

मी नवीन पुस्तकाची पाठराखण, म्हणजे मागच्या कव्हरवरचा मजकूर, वाचत नाही. सगळ्या पाठराखणींवर एकच असतं, मुलांच्या भावविश्वाला स्पर्श करणारी वगैरे. मी पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखांची चिठ्ठी बघते. शिक्के किती पडले आणि दोन शिक्क्यांत अंतर किती. आमच्याकडे काही पुस्तकं पंधरा वर्षं आहेत आणि चिठ्ठीवर तीन शिक्के, त्यातला एक माझा. आणि एखादं पातळसं पुस्तक दिवाळीनंतर आलेलं असतं आणि मार्चपर्यंत त्याची शिलाई सुटलेली असते. तेच घ्यायचं. तुमच्या गावात वाचनालय असेल तर बालविभागात जा आणि कपाटातली गुळगुळीत पुस्तकं सोडून जी डिंकाने चिकटवलेली आहेत ती उघडून शिक्के मोजा. मुलीलाच मोजू दे, तिला मजा येईल.

दुसरं म्हणजे मासिकं. बालभारतीचं किशोर १९७१ पासून निघतंय, जुने अंक नेटवर फुकट वाचायला मिळतात. वयम् आहे. साधना साप्ताहिकाचा बालकुमार दिवाळी अंक असतो, किंमत इतकी कमी की दोन घ्यावेत, एक फाडायला. नवीन लेखक पुस्तकात यायच्या आधी बहुतेक वेळा इथे येतात. मी काय करते, अंक मुलांकडे देते आणि परत आल्यावर फक्त एवढंच विचारते की कुठली गोष्ट शेवटपर्यंत वाचलीस. आवडली का असं नाही विचारायचं, त्याला हो म्हणायची मुलांना सवय असते. जी शेवटपर्यंत वाचली तिच्या लेखकाचं नाव मी डायरीत मागच्या पानावर लिहिते आणि मग त्या माणसाचं पुस्तक आलंय का ते शोधते. माझी अर्धी खरेदी या पानावरून होते.

तिसरं, साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार. २०१० पासून देतात, बहुतेक वर्षी मराठीतलं एक पुस्तक कळतं. पुरस्कार मिळाला म्हणजे मुलांना आवडेलच असं बिलकुल नाही, कारण निवडणारी मोठी माणसं, पण निदान नाव तरी कळतं, दुकानदाराच्या कप्प्यावर अवलंबून राहायला नको. २०२२ ला संगीता बर्वे यांच्या पियूची वहीला होता, ती तुमच्या धाकट्याला मोठ्याने वाचून दाखवता येईल. २०२४ ला भारत सासणे यांच्या समशेर आणि भूतबंगलाला. मोठ्यांसाठी लिहिणारा एवढा कथाकार, उदगीरच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष, मुलांसाठी रहस्यकथा लिहितो याचं मला फार बरं वाटलं. आमच्याकडे सहावीच्या मुलांनी तो नंबर लावून नेला. नाव वाचूनच नेला हे खरं, पण मग नाव चांगलं ठेवलं म्हणायचं.

आणि ज्योत्स्ना प्रकाशनाचं वाचू आनंदे, माधुरी पुरंदरे यांनी केलेलं, बालगट आणि कुमारगट असे वेगळे भाग आहेत. त्यात मराठीतल्या चांगल्या चांगल्या लेखनाचे तुकडे आहेत, सोबत चित्रं. जेवणाआधी पानात वाढलेल्या चटणी-कोशिंबिरीसारखं. ज्याची चव लागली त्याचं अख्खं पुस्तक शोधायचं.

जर्सीचा_बाबा

बाईंना अनुमोदन. आमच्याकडे तर दुकानच नाही, रविवारची मराठी शाळा आणि आजी येताना बॅगेत जे आणेल ते. आजी दर वेळी लोणच्याच्या बरणीभोवती पंचतंत्र गुंडाळून आणते, आमच्याकडे आता चार पंचतंत्रं आहेत.

सायलीताई, धाकट्यासाठी प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट बघा, फुकट आहे, मराठीत भरपूर गोष्टी आहेत आणि चार पातळ्या केलेल्या आहेत. आमचा नऊ वर्षांचा देवनागरी अडखळत वाचतो, त्याच्या वयाची गोष्ट दिली तर जोडाक्षरांत अडकतो आणि सोपी दिली तर बाबा हे बेबी बुक आहे म्हणतो. मग एक युक्ती सापडली, एकच गोष्ट आधी इंग्लिशमध्ये वाचायची आणि मग तीच मराठीत उघडायची. एका गोष्टीत त्याला एक मराठी शब्द चुकीचा वाटला, दोन दिवस भांडला, भाषांतर करणाऱ्याला पत्र लिहूया म्हणाला. मराठीवरून भांडला याचाच मला आनंद. मोठ्या मुलांसाठी मात्र तिथे फार काही मिळणार नाही, चित्रगोष्टीच जास्त.

अकरावी_सायन्स

काकू मी सोळा वर्षांचा आहे तर थेट सांगतो. कुमार साहित्य म्हणून जे देतात ते तेरा वर्षांच्या मुलाबद्दल असतं पण नऊ वर्षांच्या मुलाशी बोलतं. गोष्ट मस्त चाललेली असते आणि मग आजोबा येतात आणि झाडाखाली बसून पर्यावरण समजावून सांगतात. मी आजोबा दिसले की दोन पानं उलटतो. मला आवडलेल्या एका मराठी पुस्तकात आजोबा स्वतःच चोर निघाले, ते मी दोनदा वाचलं.

तेरा-चौदाला मी सरळ मोठ्यांच्या कपाटाकडे गेलो. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा, यक्षांची देणगी वगैरे, सायन्स कळो न कळो गोष्ट पुढे खेचते. मग नारायण धारपांच्या भयकथा, त्या रात्री वाचू नका असं सांगितलं की हमखास वाचल्या जातात. तुमच्या मुलीला अजून एखादं वर्ष थांबवा धारपांसाठी. किंवा नका थांबवू, माझ्या ताईने मला नाही थांबवलं. आणि प्लीज पुस्तक दिल्यावर त्यातून काय शिकलास ते विचारू नका.

मिरजकर_बंड्या

@अकरावी_सायन्स, ते चोर आजोबांचं पुस्तक कुठलं?

अकरावी_सायन्स

लायब्ररीचं होतं, कव्हर नव्हतं.

ग्रंथपाल_बाई

हे बघा, म्हणून म्हणते, शिलाई सुटलेलीच घ्या.

सायली_क

सगळ्यांचे आभार, तीन आठवड्यांनी लिहितेय म्हणून सॉरी, युनिट टेस्ट होत्या.

शनिवारी दोघांना घेऊन वाचनालयात गेलो. वीस वर्षांनी पाऊल ठेवलं असेन, तोच वास, तोच पंखा. शिक्के मोजायचं सांगितल्यावर धाकट्याने तो खेळच करून टाकला, एकतीस! एकतीस! असं ओरडत होता, तिथल्या बाईंनी दोनदा गप्प बस म्हणून खुणावलं. एकतीस शिक्केवालं निघालं भुताचं, त्याने छातीशी धरून आणलं आणि अजून उघडलेलं नाही, उशाजवळ पालथं ठेवलंय म्हणजे चित्र दिसायला नको.

समशेर तिथे नव्हता, ऑनलाइन मागवलाय. फेलूदा मात्र मिळाला. पहिले दोन दिवस नुसता टेबलावर होता. मी बघितलंच नाही त्याच्याकडे, बंड्या, तुझ्या पुतण्याची शपथ. तिसऱ्या दिवशी ताटाला टेकवलेला दिसला. आता दुसराही संपला, कोलकात्याला कधी जायचं असं विचारून झालंय. चारमिनारबद्दल चकार शब्द नाही. पण काल रात्री दिवा घालवायला गेले तर म्हणाली, आई, या लेखकाला मुली माहीत नव्हत्या का गं? दोन पुस्तकं झाली, एक धड मुलगी नाही. मी म्हटलं पुढच्यात असेल कदाचित. असते का? बंड्या, खरं सांग.

मिरजकर_बंड्या

नसते जवळजवळ. तिला सांग, लिही म्हणावं तूच एक.

सायली_क

सांगितलं. म्हणाली आधी सगळे वाचून होऊ देत, अजून किती आहेत?