'ई टीव्ही मराठी' विकली गेली ती नेमकी कधी?

जुना_प्रेक्षक:
रामोजी राव यांच्या ईनाडू समूहाने ९ जुलै २००० रोजी सुरू केलेली 'ई टीव्ही मराठी' ही वाहिनी २२ मार्च २०१५ पासून 'कलर्स मराठी' या नावाने दिसू लागली. तिची विक्री त्याच सुमारास झाली, अशी माझी समजूत आहे. परंतु तेलुगू ई टीव्ही त्यानंतरही जुन्याच नावाने चालू राहिली. मग समूहाने नेमके काय विकले?

ताळेबंद:
नाव बदलणे आणि मालकी बदलणे या दोन वेगळ्या घटना असून येथे त्यांच्यात वर्षाहून अधिक अंतर आहे. नेटवर्क१८ समूहाने हा व्यवहार जानेवारी २०१२ मध्ये जाहीर केला. तो पूर्ण व्हायला जानेवारी २०१४ उजाडले आणि त्यापोटी टीव्ही१८ कंपनीने २,०५३ कोटी रुपये मोजले. हिंदी पट्ट्यातील व उर्दू वृत्तवाहिन्या संपूर्णपणे, मराठी, कन्नड, बांगला, गुजराती व ओडिया मनोरंजन वाहिन्यांतील ५० टक्के, आणि तेलुगू वाहिन्यांतील अवघा २४.५ टक्के हिस्सा या व्यवहारात आला. थोडक्यात, राव यांनी माहेरची भाषा तेवढी हातची सोडली नाही.

तळटीप:
एक भर घालतो. 'कलर्स' हे नाव व्हायकॉम१८ या कंपनीचे होते आणि तिच्यात त्या वेळी टीव्ही१८ व अमेरिकेतील व्हायकॉम निम्म्या-निम्म्या वाट्याचे भागीदार होते. व्यवहार जाहीर झाला तेव्हा वृत्तवाहिन्यांतील परकीय गुंतवणुकीवर २६ टक्क्यांची मर्यादा होती, मनोरंजन वाहिन्यांना ती लागू नव्हती. मनोरंजन वाहिन्यांना 'कलर्स' आणि वृत्तवाहिन्यांना पुढे 'न्यूज१८' अशी निराळी नावे मिळाली, त्यामागे हेही एक कारण असावे, असा माझा तर्क आहे.

जुना_प्रेक्षक:
दोघांचेही आभार. मग या प्रकरणात रिलायन्सचे नाव कोठून येते?

ताळेबंद:
पैशाच्या बाजूने. २०१२ मध्ये नेटवर्क१८च्या प्रवर्तकांना इंडिपेंडंट मीडिया ट्रस्टमार्फत भांडवल मिळाले आणि त्या ट्रस्टची लाभार्थी रिलायन्स इंडस्ट्रीज होती. २०१४ च्या मध्यास खुद्द नेटवर्क१८चे नियंत्रण तिच्याकडे गेले, म्हणजे पडद्यावर नवे बोधचिन्ह झळकण्यापूर्वीच वाहिनीमागची सूत्रे दोनदा हलली होती.