गोळी सुरू झाल्यानंतरचं काम

'फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करणारा प्रशिक्षित सहाय्यक) म्हणजे मानसोपचारतज्ज्ञाला स्वस्तातला पर्याय', असं एक मत वाचलं, ते पटलं नाही. निदान डॉक्टरांनीच करावं, पण खरी आबाळ त्यानंतर होते. खानापूरकडच्या आमच्या शेजारच्या काकूंना लिथियम (मनाच्या आजारावरचं औषध) सुरू होतं. त्याचं रक्तातलं प्रमाण तपासायला रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी न घेता द्यायचं, हे त्यांना मराठीत कुणी नीट सांगितलंच नव्हतं. त्या गोळी घेऊनच बेळगावची बस धरायच्या! हात थरथरायला लागले, ते लिथियममुळेही असू शकतं, तर घरचे म्हणाले, वयामुळे असेल.

अशा वेळी थायरॉईड-किडनीच्या तपासण्यांची आठवण ठेवणारं, घरी फोन करणारं प्रशिक्षित माणूस लागतं. आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या यादीत फिजिशियन असिस्टंट आहेतच. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे नेमावेत, एवढीच मागणी आहे.