मदत हवी आहे: टोकियोत आईबाबांना रामेन खायला कुठे नेऊ?

नमस्कार मंडळी, आम्ही टोकियोतल्या निशी-कासाईला राहतो, पुढच्या महिन्यात आईबाबा येतायत आणि बाबांना रामेन म्हणजे सूपमधल्या जपानी नूडल्स खायच्याच आहेत. ते चिकन, अंडी खातात पण पोर्क-बीफ अजिबात नाही, आणि आई पक्की शाकाहारी, मासेसुद्धा नाही. अडचण सगळी सूपची आहे हो, तोनकोत्सु म्हणजे डुकराची हाडं तासन्‌तास उकळून केलेलं पांढरट दाट सूप, ते बादच, पण मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) किंवा शोयु (सोया सॉस) लिहिलेलं असलं तरी खाली बेस पोर्कचा नाहीतर कात्सुओबुशीचा म्हणजे सुक्या माशाचा असू शकतो, त्यामुळे वरचं मांस काढा सांगून काही उपयोग नाही.

आईसाठी टोकियो स्टेशनातलं टीज तानतान हे रामेनचं दुकान माहितीये, तिळाचं व्हीगन सूप, मस्त असतं, पण ते तिकीट गेटच्या आत आहे आणि तिथे बाबांना चिकन मिळणार नाही. तोरी पायतान म्हणजे चिकनचं दाट सूप आणि व्हीगन रामेन दोन्ही एकाच ठिकाणी मिळेल असं कुठलं दुकान आहे का? शक्यतो टेबल-खुर्च्या असलेलं, कारण बाबांचे गुडघे दुखतात, काउंटरच्या उंच स्टुलावर त्यांना चढवत नाही. दारातल्या मशीनवर बटण दाबून तिकीट घ्यायचं ते मी बघेन, पण सूपमध्ये नक्की काय आहे हे दुकानदाराला नम्रपणे जपानीत कसं विचारायचं तेही कोणीतरी लिहून द्या प्लीज, आईला निश्चिंत मनाने जेवता यावं एवढंच.