वळून परत का नाही आला म्हणे!

लोहगावकर: काल इथे एका महाशयांनी परदेशातल्या छोट्या विमानाच्या अपघाताचा व्हिडिओ टाकून निकालही देऊन टाकला: "लँडिंगचा सराव चालला होता, उडाल्या उडाल्या इंजिन गेलं, धावपट्टी पाठीमागेच होती. वळून परत का नाही आला? पोरासोरांच्या हाती विमान दिलं की असंच होणार." खाली अंगठ्यांचा पाऊस. राहवत नाही म्हणून लिहितोय.

टच-अँड-गोमध्ये, म्हणजे उतरून न थांबता लगेच परत उडायच्या सरावात, चाकं टेकतात न टेकतात तोच फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) वर, कार्ब हीट (कार्ब्युरेटरमध्ये बर्फ होऊ नये म्हणून सोडलेली गरम हवा) बंद, थ्रॉटल (इंजिनाची ताकद) पूर्ण. हे सगळं विमान धावत असताना. पुढे तीन-चारशे फुटांवर इंजिन गेलं तर वळायचं नसतं. आधी नाक खाली, मग समोर, फार तर जरा डावी-उजवीकडे जे मोकळं दिसेल तिथे उतरायचं. परत यायला नुसते 180 अंश पुरत नाहीत, कारण वळसा घेताना तुम्ही पट्टीच्या बाजूला सरकलेले असता. त्यात 60 अंश कलून, उंची राखत वळायला गेलात तर स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला तोलू शकत नाहीत तो वेग, 41 टक्क्यांनी वाढतो. वेग तेवढा नसला की एक पंख खाली जातो आणि विषय संपतो. जो वळत नाही त्याचं विमान मोडतं, पण माणूस बऱ्याचदा वाचतो.

सदाशिव_पेठी: ते महाशय मीच. आकडेमोड छान. माझा प्रश्न विमान शिकवणाऱ्या शाळांचा आहे. बारामतीजवळ ऑक्टोबर 2023 मध्ये चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं पडली, हे विसरलात का? माझ्या भाच्याने घर गहाण टाकून पायलटच्या परवान्यासाठी उड्डाणाचे 200 तास पुरे केले. एकीकडे तास भरायची घाई, दुसरीकडे विमान दुरुस्तीला गेलं की पोरं महिनोन्महिने हॉस्टेलवर बसून.

विंचवाला: दोघेही जरा दमाने. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला शिकलोय मी. विंचने, म्हणजे जमिनीवरच्या दोरी गुंडाळणाऱ्या यंत्राने, ग्लायडर वर खेचत असताना दोरी तुटली तर काय, हे तिथे पहिल्यापासून घोकून घेतात: नाक खाली, वेग बघ, मग विचार. ग्लायडरला तर इंजिनच नाही, म्हणून ते अंगात मुरतं. इंजिनवाल्यांनाही आधी ग्लायडर सक्तीचं करा.

सदाशिव_पेठी: झालं, ग्लायडरवाल्यांचं पुराण सुरू.

भीमाकाठी: "जे मोकळं दिसेल तिथे उतरा." वा रं वा. ते मोकळं म्हणजे आमचं रान. जुलै 2022 ला आमच्या इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला शिकाऊ विमान पडलं. पोरगी वाचली, देवाची कृपा, तिच्याबद्दल एक शब्द नाही. पण असं काही झालं की मागनं येणारी गर्दी बांध तुडवती, ठिबकच्या नळ्या तुटत्यात, आणि भरपाईचं विचारलं की तलाठी म्हणतो तहसीलला जा.

लोहगावकर: भाऊ, माणूस मरतोय तिथे ठिबकच्या नळ्या काढता?

भीमाकाठी: नळ्या तुम्ही घेऊन देता का? विमान उडणार तुमचं, उतरणार आमच्यात. पुरंदरला तेच. 2016 पासून सात गावांच्या डोक्यावर टांगती तलवार, अंजिराच्या बागा द्या म्हणे, पुण्याला विमानतळ पाहिजे.

कोथरूडची_सून: अहो, माहेर माझं त्या सात गावांतल्या पारगावचं. वडील सीताफळाच्या नव्या कलमा लावायला घाबरतात, कारण उद्या मोजणीला कोण येईल सांगता येत नाही. आणि इथे सोसायटीत रोज कुरकुर, पुण्याचं आत्ताचं लोहगाव विमानतळ हवाई दलाचं आहे, उड्डाणं कमी, दिल्लीचं तिकीट महाग!

सदाशिव_पेठी: मग काय, मुंबईला जाऊन विमान पकडायचं? जन्मभर?

कोथरूडची_सून: पकडा की. एक्स्प्रेसवे कुणाच्या जमिनीवरून गेलाय तेही जाता-जाता बघा.

विंचवाला: धागा अपघाताचा होता ना?

भीमाकाठी: तुम्ही आधी हडपसरची तुमची पट्टी बिल्डरांपासून वाचवा, मग धागे वळा.

लोहगावकर: पेठेतल्या महाशयांनी एवढंच सांगावं: वळायला हवं होतं की नको?

सदाशिव_पेठी: नको, बाबा, नको. तीनशे फुटांवर नको. लिहून दिलं, फ्रेम करून दिवाणखान्यात लावा. पण हजार फुटांवर असता तर वळला असता की नाही, ते आता तुम्ही सांगा.

लोहगावकर: हजारावर वारा, वजन आणि आधी केलेला सराव बघून ठरतं. आणि ते उडण्याआधी ठरवायचं असतं, इंजिन बंद पडल्यावर नाही.

सदाशिव_पेठी: म्हणजे "वळू शकतो". एवढंच ऐकायचं होतं.