शाळेच्या कपाटांची यादी: कोहा की वही?

नमस्कार मंडळी,

रविवारी आम्ही तिघींनी मराठी शाळेची दोन्ही कपाटं उपसली. वर्णमालेचे चार तक्ते निघाले, त्यातले दोन अजून प्लॅस्टिकात. अक्षरकार्डांचे तीन संच, तिन्ही अर्धवट. आणि मागच्याच महिन्यात कुणीतरी भारतातून चौथा संच मागवलाय, कारण आधीचे तीन आहेत हेच माहीत नव्हतं. चौथी टर्म सुरू व्हायच्या आत नीट यादी करायची आहे. कशी करू ते सांगा. नुसतं "एक्सेल कर" म्हणू नका, आधीच्या दोन एक्सेल कुणाच्या लॅपटॉपवर आहेत तेही सापडत नाहीये.

— शाळा समन्वयक

---

ताई,

कोहा टाकूया, म्हणजे ग्रंथालयाची यादी ठेवायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे आणि अगदी घरचं आहे. इथल्याच, न्यूझीलंडमधल्या लेविनच्या ग्रंथालयासाठी होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टने ते बनवून घेतलं आणि जानेवारी 2000 मध्ये सुरू केलं. आज भारतातली कितीतरी कॉलेजं तेच वापरतात. नावसुद्धा माओरी, कोहा म्हणजे भेट. देवनागरी व्यवस्थित चालते. सर्व्हरचं मी बघतो. बारकोडही छापून देतो.

— वेबसाइटवाला दादा

---

बारकोड वाचायचं यंत्र केवढ्याला? आधी सांगा, मग छापा.

— कोषाध्यक्ष

---

दादा,

कोहाबद्दल वाद नाही, पण आधी कपाटात काय आहे ते बघू. मी इथल्या प्राथमिक शाळेच्या लायब्ररीत काम करते. तिथे नवं पुस्तक आलं की आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला क्रमांक) स्कॅन करायचा, एससीआयएस या शाळांसाठीच्या ग्रंथनोंदी पुरवणाऱ्या सेवेकडून तयार नोंद उतरते, दोन मिनिटांत पुस्तक फळीवर. आपल्या कपाटातल्या निम्म्या वस्तू कुणीतरी रात्री जागून पुठ्ठ्यातून कापलेल्या आहेत. त्यांची नोंद कुठूनही उतरणार नाही, ती आपणच लिहायची.

ड्युईचे, म्हणजे ग्रंथालयात विषयवार पुस्तकं लावायचे, क्रमांकही मनात आणू नका. मराठी भाषा 491.46, मराठी साहित्य 891.46. झालं, दोन्ही कपाटं जवळजवळ या दोन आकड्यांतच संपली! सगळ्यांवर तोच नंबर म्हणजे नंबर नसल्यातच जमा. दुसऱ्या पातळीच्या ताईला शनिवारी सकाळी पावणेदहाला हवं असतं ते "जोडाक्षरांचं काहीतरी, सात-आठ वर्षांच्या मुलांना गटात खेळता येईल असं". रकाने त्या प्रश्नातूनच काढा: कुठली पातळी, काय शिकवायला, एकट्याने की गटात, कुठल्या कपाटाची कितवी फळी. वस्तूचं नाव त्यानंतर, आणि तेही छापलंय तसं देवनागरीत. मागच्या यादीत बाराखडी रोमन लिपीत तीन स्पेलिंगांनी लिहिली होती. एक शोधली की बाकीच्या दोन गायब.

डब्यातल्या संचाला आमच्या कामात किट म्हणतात. कार्डं, फासा, पट, सूचनांचा कागद, सगळं मिळून नोंद एकच. पण आत किती नग ते नोंदीतही हवं आणि झाकणावरही. परत घेताना मोजणाऱ्याला दुसरं काही लागत नाही.

आता जो रकाना मी कुणालाही गाळू देणार नाही तो: वर्ष. आपल्याकडे बालभारतीची पुस्तकं निरनिराळ्या वर्षांची आहेत आणि इयत्ता बघून एकावर एक रचून ठेवली आहेत. 2019 मध्ये दुसरीचं गणित बदललं, त्यात एकवीसला "वीस एक" असं वाचन आलं. केवढा गदारोळ झाला होता! आपल्या गठ्ठ्यात त्याच्या आधीची पुस्तकंही आहेत आणि नंतरचीही. एका वर्गात दोन्ही वाटली तर एका बाकावरची दोन मुलं एकच आकडा दोन तऱ्हांनी वाचणार, आणि ताईला वाटणार एकाचं चुकलं. तक्त्यांचंही तेच. शासनाच्या 2009 च्या निर्णयात ॲ आणि ऑ वर्णमालेत घेतले. आपल्या चारपैकी तीन तक्त्यांवर ते नाहीत, आणि इथल्या मुलांना "ऑकलंड" लिहायला ऑ पहिल्याच महिन्यात लागतो.

ता.क. यादी अकारविल्हे लावलीत आणि ळ एकदम ल च्या मागोमाग, क्ष थेट क मध्ये दिसला तर घाबरू नका. युनिकोडमधला, म्हणजे संगणकातला अक्षरांचा, क्रम तसाच आहे, आपल्या तक्त्यासारखा नाही.

— लायब्ररीवाली ताई

---

सप्रेम नमस्कार.

त्या तीन जुन्या तक्त्यांपैकी एक मी सोलापूरहून विमानात हातात धरून आणला आहे. तो टाकू नये ही विनंती.

दुसरं. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी बरीच वर्षं जडसंग्रह नोंदवही, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाची वही, सांभाळली. 1987 साली सुरू झालेल्या खडू-फळा योजनेतून आमच्याकडे गणिताची आणि विज्ञानाची पेटी आली होती. नोंद चोख, प्रत्येक नग लिहिलेला. पण भिंग फुटलं तर वसुली आपल्या पगारातून, या धास्तीने पेटी कुलपातच राहिली. बदली झाली की चार्ज देताना नग मोजायचे, सही करायची, पुन्हा कुलूप. नग पूर्ण भरायचे, कारण मुलांचा हातच त्यांना कधी लागला नाही. म्हणून सांगतो, "हरवलं/फाटलं" असा रकाना ठेवा आणि त्यात लिहिणाऱ्याला कुणीही जाब विचारू नका. कोषाध्यक्षांनीही.

— काका (शनिवारी दार उघडणारे)

---

काका, तक्ता कुठेही जात नाही. मागे "जुनी वर्णमाला, ॲ-ऑ नाहीत" अशी चिठ्ठी लावू, मोठ्यांच्या वर्गाला फरक दाखवायला तोच लागेल. रकाना घेतला.

— लायब्ररीवाली ताई

---

मान्य. जाब नाही विचारणार. यंत्राचं मात्र अजून कुणी बोललेलं नाही.

— कोषाध्यक्ष

---

यंत्र नको, फोनच्या कॅमेऱ्यावर भागेल. आणि आत्ता कोहाही नको. रकाने ताईंचे, एकच शीट, मंडळाच्या खात्यावर, कुणाच्या खासगी मेलवर नाही. पुढेमागे कोहात ओढता येईल.

— दादा

---

ठरलं तर. येत्या शनिवारी साडेबाराला, शाळा सुटल्यावर. हॉल दोनपर्यंत आपला आहे. पोहे मी आणते. घरी नेलेल्या वस्तू घेऊन या, काकांच्या अटीप्रमाणे कुणी काही विचारणार नाही.

फक्त एक. निळ्या डब्याच्या झाकणावर 48 लिहिलंय, आत 47 कार्डं आहेत. "ण" कुणाकडे आहे?

— शाळा समन्वयक