एलपीजीला बटण होतं, ई-२० ला का नाही?

जुनीगाडी: माझी गाडी २०१२ ची. एलपीजीला २००० साली कायद्याने परवानगी मिळाली. त्याआधी ओम्नीत घरगुती सिलिंडर टाकून फिरणारे आपण पाहिलेच आहेत (कुणी विडी काढली की पोटात गोळा यायचा). पुढे मी रीतसर किट बसवलं, आरसीत नोंद केली. डॅशबोर्डवर बटण आलं. गॅस संपला की दाबा, गाडी पेट्रोलवर. काय जाळायचं ते मी ठरवायचो. आता पंपावर ई-२० च (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल), विचारतो कोण! टाकी फुल ते टाकी फुल तीनदा मोजलं. ई-१० वर (१० टक्के इथेनॉल) लिटरला १५.८ किलोमीटर मिळायचे, आता १४.७. भाव मात्र तोच. जुन्या गाड्यांसाठी ई-१० चं एक नोझल ठेवायला काय जातं?

आकडेमोड्या: मोजलंस ते बरं केलंस, पण सगळं खापर इथेनॉलवर फोडू नकोस. लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. म्हणजे आणखी १० टक्के मिसळलं तर साडेतीन टक्क्यांच्या आसपास फटका. तुझे सात टक्के गेलेत. उरलेले टायरच्या हवेत आणि एसीत शोध.

कागलचा ऊसवाला: एफआरपी (कारखान्यानं उसाला द्यायचा किमान भाव) १४ दिवसांत द्यायची असा नियम आहे. साखर गोदामात पडून राहिली की कारखाना हात वर करतो. इथेनॉलचे पैसे लवकर सुटतात, त्यातनं आमची बिलं निघतात. तुमचा लिटरमागं एक किलोमीटर गेला, तर एवढी बोंब?

लातूरकर: दादा, २०१६ ला आम्ही मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलोय. नीती आयोगाच्याच अहवालात आहे, उसाच्या एक लिटर इथेनॉलला २,८६० लिटर पाणी लागतं. त्याचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं?

कागलचा ऊसवाला: आता जास्त इथेनॉल मक्याचं आहे. डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली तेव्हा कुणी आमच्या बाजूनं बोललं नाही.

पाना_पक्कड: गॅरेजवाल्याचं ऐका. पावसाळ्यात दीड महिना उभी असलेली जुनी स्कूटर आली. टाकीच्या झाकणाचं रबर गेलेलं. कार्ब्युरेटरची वाटी काचेच्या ग्लासात ओतली तर वर पेट्रोल, खाली पाण्यासारखा थर. पाणी शिरलं की इथेनॉल ते धरून खाली बसतं. पाइप तर फुगून बोटाला चिकट लागत होता. रोज पळणाऱ्या गाडीची एवढी तक्रार नाही. उभी ठेवणार असाल तर कार्ब्युरेटर रिकामा करा, आणि जुने पाइप आधी बदला.

जुनीगाडी: हेच म्हणतोय. ब्राझीलमध्ये बघा, पंपावर निव्वळ इथेनॉल वेगळं मिळतं. त्याचा भाव पेट्रोलच्या भावाच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तर लोक ते भरतात, नाहीतर पेट्रोल.

आकडेमोड्या: तिथल्या त्या 'पेट्रोल'मध्येही ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के इथेनॉल आहे, तेही सांग की. आणि आपल्याकडे स्वस्त कुठून देणार? २०२४-२५ साठी मक्याच्या इथेनॉलचा खरेदीदरच ७१.८६ रुपये लिटर होता.

जुनीगाडी: मग महाग घ्यायचं, कमी पळायचं आणि वर पाइपही आपणच बदलायचे?

पाना_पक्कड: तुमचं एलपीजी किट आहे ना अजून? त्यावर पळवा.

जुनीगाडी: आमच्याकडचा एलपीजी पंप कधीच बंद झाला. टाकी काढून तिथे स्टेपनी ठेवलीय. बटण तेवढं अजून डॅशबोर्डवर आहे.