वरिष्ठ खेळाडूंची वर्तणूक आणि मुलांची सुरक्षितता: क्लबची नियमावली कशी असावी?

प्रश्न (क्लबचा सचिव, डिचोली)

नमस्कार. आमचा क्लब पंचायतीच्या मैदानावर मॅटिंग अंथरून लेदर चेंडूने खेळतो. वरिष्ठ संघाला खेळाडू कमी पडले की चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना उभे केले जाते. मागच्या सामन्यात अशाच एका मुलाला शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, विनाहेल्मेट ठेवले होते. त्याने हेल्मेट मागितले, तेव्हा कर्णधाराने सगळ्यांदेखत ‘भीती वाटत असेल तर घरी जा’ असे त्याला सुनावले. दोनच षटकांनी पुलचा फटका त्याच्या खांद्यावर बसला. चेंडू चार बोटे वर आला असता तर काय झाले असते, या विचारानेही अंगावर काटा येतो. त्याच डावात पायचीतचे अपील फेटाळले म्हणून आमचे दोन खेळाडू शिवीगाळ करीत पंचांच्या अंगावर धावून गेले. ते गृहस्थ मानधन न घेता उभे राहतात आणि आता पुन्हा येणार नाहीत म्हणतात. कार्यकारिणीत विषय काढला, तर ‘मैदानावर एवढे तेवढे चालायचेच’ असे उत्तर मिळाले. मला नियमावली लिहायची आहे, पण ती फाइलमध्ये पडून राहू नये. कुठून सुरुवात करावी?

उत्तर १ (निवृत्त पंच, मडगाव)

सचिव महोदय, वर्तणुकीपुरते नवे काही लिहिण्याची गरज नाही. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीच्या (मेरिलिबोन क्रिकेट क्लब) २०१७ च्या नियमसंहितेत खेळाडूंच्या वर्तणुकीवर ४२ वा नियम आहे आणि तो गावच्या सामन्यालाही तितकाच लागू पडतो. त्यात गुन्ह्यांचे चार स्तर आहेत. पंचांचा निर्णय शब्दांनी वा कृतीने धुडकावणे किंवा अपील करताना त्यांच्यावर धावून जाणे हा पहिला स्तर. त्यासाठी आधी ताकीद मिळते आणि संघातल्या कोणाकडूनही पुन्हा तसे घडले की प्रतिस्पर्ध्यांना ५ दंड धावा दिल्या जातात. दुसऱ्या स्तरावर या धावा ताकिदीविना दिल्या जातात. पंचांना भाषेने किंवा हावभावाने धमकावल्यास तिसरा स्तर लागतो. मर्यादित षटकांच्या सामन्यात त्या खेळाडूला डावाच्या एकपंचमांश षटकांपुरते बाहेर बसावे लागते आणि त्याच्या जागी बदली क्षेत्ररक्षक मिळत नाही. मारण्याची धमकी पंचांना दिली किंवा कोणावरही हात उचलला, तर चौथा स्तर लागतो आणि तो खेळाडू उरलेल्या सामन्यातून बाद होतो. कर्णधाराने त्याला बाहेर पाठवण्यास नकार दिला, तर सामना प्रतिस्पर्ध्यांना बहाल करण्याचा अधिकार पंचांना आहे.

आपल्याकडे हे अधिकार बहुतेक पंच वापरत नाहीत, कारण ते यजमान क्लबचेच असतात आणि संध्याकाळी त्यांना त्याच माणसांबरोबर घरी परतायचे असते. म्हणून शेजारच्या क्लबशी पंचांची अदलाबदल करा आणि हा नियम लागू राहील, हे नाणेफेकीपूर्वी दोन्ही कर्णधारांकडून वदवून घ्या. सामन्यानंतर पंचांचा अहवाल कार्यकारिणीकडे लेखी यायला हवा. तो आला की ‘चालायचेच’ म्हणणे अवघड जाते.

उत्तर २ (फिजिओथेरपिस्ट, फोंडा)

मला तुमच्या पत्रातला पहिला प्रसंग अधिक गंभीर वाटतो. भारताचे कसोटीपटू रमण लांबा १९९८ मध्ये ढाक्यातल्या एका क्लब सामन्यात फॉरवर्ड शॉर्ट लेगला हेल्मेटविना उभे असताना डोक्याला चेंडू लागून जखमी झाले. ते स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले होते. तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले. त्यामुळे ‘चालतोय-बोलतोय, म्हणजे काही झाले नाही’ हा निष्कर्ष कोणीही काढू नये. डोक्याला फटका बसलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरता कामा नये, मग तो कितीही हट्ट करो. त्याला एकटे घरी पाठवू नये आणि स्कूटर चालवू देऊ नये. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, झटके किंवा बोलण्यात असंबद्धता दिसली, तर १०८ ला फोन करून थेट गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) गाठावे. ही लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात, म्हणून पालकांना त्याच संध्याकाळी कळवणे ही क्लबची जबाबदारी आहे.

मुलांच्या बाबतीत इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाचा दंडक तसाच्या तसा उचलावा. पंधरा वर्षांखालील खेळाडूने फलंदाज चेंडू खेळेपर्यंत मधल्या यष्टीपासून ७.३ मीटरच्या आत उभे राहायचे नाही आणि तेरा वर्षांखालील खेळाडूने १० मीटरच्या आत. अपवाद फक्त ऑफ बाजूला यष्टीमागच्या जागांचा. मॅटिंगच्या कडेला चुन्याची रेघ मारली की वाद उरत नाही. जबर फटका बसलेले हेल्मेट, तडा दिसत नसला तरी, पुन्हा वापरू नये.

उत्तर ३ (माजी कर्णधार, पेडणे)

पंचसाहेबांचे म्हणणे मान्य आहे, पण दंड धावांनी आमच्याकडचे ज्येष्ठ खेळाडू सुधारतील, असे मला वाटत नाही. धावांचा हिशेब सामन्यापुरता असतो आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याचीच फुशारकी मारली जाते. त्यांना खरोखर झोंबते ते संघातून वगळणे. निवड समितीत कर्णधाराव्यतिरिक्त दोन माणसे बसवा आणि ज्याच्यावर पंचांचा लेखी अहवाल आहे, तो पुढचा सामना खेळणार नाही, एवढे एकच कलम घाला. हे कलम पहिल्यांदा संघातल्या सर्वोत्तम फलंदाजाला लावावे लागले, तरी मागे हटू नका.

त्या मुलाला जे ऐकवले गेले, तेही क्लबने हलके घेऊ नये. गोवा बाल कायदा, २००३ मध्ये बालकाच्या छळाच्या व्याख्येत मानसिक छळाचाही समावेश आहे. कार्यकारिणीसमोर हे एकदा वाचून दाखवा.

सचिव, डिचोली

सर्वांचे मनापासून आभार. वगळण्याचे कलम आणि पंचांची अदलाबदल हे दोन्ही येत्या बैठकीत मांडतो. एक अडचण उरते. क्लबकडे हेल्मेटे मोजकी आहेत आणि ती फलंदाजांनाच लागतात. वयाने मोठा खेळाडू स्वतःहून जवळ उभा राहायला तयार असेल, तर त्याला परवानगी द्यावी का?

निवृत्त पंच, मडगाव

देऊ नये. क्षेत्ररक्षकाने हेल्मेट घालावेच, अशी सक्ती एमसीसीच्या नियमांत नाही, म्हणूनच ती क्लबच्या नियमावलीत हवी. हेल्मेट मिळेपर्यंत ती जागा रिकामी ठेवा. पुढे क्षेत्ररक्षकांसाठी वेगळे हेल्मेट घेतलेत, तर वापरात नसताना ते यष्टिरक्षकाच्या मागे, दोन्ही यष्ट्यांच्या रेषेतच ठेवायला सांगा. खेळातला चेंडू त्याला लागला की प्रतिस्पर्ध्यांना ५ धावा जातात.